दोरा कलाबाईच्या हाती

आमच्या गावच्या कलाबाईचा कोणावरच विश्वास नव्हता. बाजारात मीठ चाखून घ्यायची, तरी दुकानदाराकडे चोर सापडल्यासारखी बघायची. मी चांद्याच्या दवाखान्यात कंपाउंडर. गावी गेलो की माझ्याकडेही ती तशीच बघे, आणि मला राग येई.

तिची दोन्ही पोरं जन्मतःच वेगळी, हनुवटी आत दबलेली, टाळू फाटलेली. थोरल्या मंगरूचं गळू कापायला एका फिरत्या डॉक्टरने त्याला गुंगी दिली. "काही होत नाही," असं तो हसत म्हणाला होता. मंगरू उठलाच नाही.

पंचावन्न सालच्या उन्हाळ्यात धाकट्या झिंगूचा हर्निया अडकला. पोट फुगलं, हिरवी ओकारी सुरू झाली. सिंदेवाहीहून गाडीने ती त्याला चांद्याला घेऊन आली. ऑपरेशन केलं नाही तर पोर हातचं जाणार, हे तिलाही दिसत होतं. पण गुंगीच्या ईथरची बाटली बघताच तिने त्याला पोटाशी आवळलं.

"हे चांगलं औषध हाय, बाई," मी म्हणालो.

"तू काऊन मधी बोलून राह्यला? तुले इथीच पगार भेटते." मग ती डॉक्टर वैरागड्यांकडे वळली. "आधी तू हुंग."

तिच्या जमातीत मोहाची दारू देणारा पहिला घोट स्वतः घेतो, मगच पाहुणा पितो. डॉक्टरांना ते ठाऊक होतं. तरी त्यांनी बाटली खाली ठेवली.

"मी हुंगलो तरी मले काही होणार नाई. माही हनुवटी धड हाय. याची जीभ झोपेत मागं पडते, श्वास कोंडते. मले भेव वाटून राह्यला, बाई."

मी मनात कपाळावर हात मारला. आता ही पोर उचलून चालती होणार.

"मंग कसं करशीन?" तिने विचारलं.

"गुंगी आली का जिभेत दोरा ओवून बाहेर ओढून धरू. हा कंपाउंडर धरीन."

तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "दोरा मी धरीन."

ऑपरेशनच्या खोलीत नातेवाइकांना घेत नसत. तरी डॉक्टरांनी तिला हात साबणाने धुवायला लावले आणि उशाशी उभं केलं. मध्येच झिंगूचे ओठ निळे पडले. डॉक्टर ओरडायच्या आत तिने दोरा ओढला. श्वास घरघरत परत आला.

झिंगू जागा होऊन घोगरं रडायला लागला, तेव्हा डॉक्टरांनी तिच्या आखडलेल्या बोटांतून दोरा सोडवून घेतला. ती भिंतीला टेकून खाली बसली.

"मंगरूले असा भेणारा डाक्टर नाई भेटला," ती म्हणाली.