मेलेल्या प्रवाशाच्या तक्रारी

गाईडबाईंचा आवाज चांगला आहे, हा शोध सहलकंपनीच्या मालकांना फोनवर लागला. त्याआधी बाई बुकिंगच्या खिडकीत बसत. नवरा अचानक गेला होता आणि घरात उरल्या होत्या त्या आणि सासूबाई. मालक म्हणाले, "अहो, हा आवाज खिडकीत कोंडून काय ठेवताय? बसमध्ये उभ्या राहा." पगार थोडा बरा होता, म्हणून बाई उभ्या राहिल्या. ते वर्षानुवर्षं उभ्याच.

सहल ठरलेली. किल्ला, संग्रहालय, तळं, घड्याळाचा मनोरा आणि परत. माहिती इतकी पाठ झाली होती की तोंड किल्ल्याबद्दल बोलत असायचं आणि मन घरी गॅस बंद केला की नाही ते आठवत असायचं. एकदा तर त्यांनी संग्रहालयाची सगळी माहिती तळ्याकाठी सांगून टाकली. एकाही प्रवाशाच्या लक्षात आलं नाही. उलट दोघांनी "अस्सं होय!" म्हणून मान डोलावली आणि एकाने तळ्याचा फोटो काढला. ड्रायव्हरमामा पोट धरून हसले. बाईही हसल्या, पण घरी आल्यावर सासूबाईंना म्हणाल्या, "आई, मी उद्यापासून नुसते ओठ हलवले तरी चालेल."

"मग हलव," सासूबाई पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणाल्या. "घसा तरी वाचेल."

सासूबाईंचे गुडघे जिना उतरू देत नसत. त्यांचं सगळं जग वाचनालयातून यायचं, आणि त्या जगात दर दोन प्रकरणांना एक माणूस मरायचा. अर्ध्या पुस्तकात त्या खुनी ओळखायच्या आणि उरलेलं पुस्तक लेखकाला नावं ठेवण्यासाठी वाचायच्या.

तर एका सहलीत बस डोंगरातल्या वळणावर बंद पडली. इंजिनातून वाफ निघाली, मामा बाही सरसावून खाली उतरले आणि आत गोंधळ सुरू झाला. सगळ्यांत वरचा आवाज होता तक्रारकाकांचा. हे नाव त्यांना सकाळी बस सुटतानाच पडलं होतं. खुर्ची मागे जात नाही, खिडकी खडखडते, बाईंच्या हातातल्या झेंड्याचा रंग उडालाय, तळ्यात पाणी कमी आहे. तळ्यातल्या पाण्याचा जाबही ते बाईंनाच विचारत. एकटेच आले होते. शेजारच्या रिकाम्या सीटवर त्यांची बॅग असायची आणि ती उचलायला कुणी सांगत नसे.

"मी लेखी तक्रार करणार!" काका उभे राहिले. मधल्या रांगेत दोन जावा होत्या. त्यांचं एकमेकींशी बोलणं बंद होतं, तरी सहलीला बरोबर आल्या होत्या. थोरली खिडकीला उद्देशून म्हणाली, "काही जणींनी स्वस्तातली सहल शोधली, त्याचे हे भोग." धाकटी छताला उद्देशून म्हणाली, "काही जणींना घरी राहायला कुणी नको म्हटलं नव्हतं."

बाईंनी माईक उचलला. घड्याळाच्या मनोऱ्याची माहिती सांगायची शिल्लक होती, पण तोंडातून भलतंच निघालं.

"मंडळी, एक वाईट बातमी आहे. या बसमध्ये खून झालाय."

बस गप्प झाली. अशी शांतता बाईंनी कधी ऐकलीच नव्हती. सगळे चेहरे त्यांच्याकडे वळले होते. त्यांना वाटलं, आता थांबले तर संपलं.

"बस वाफेच्या ढगात उभी आहे. ढग विरतो. बघतो तर काय, आपल्यातला एक जण खुर्चीत निपचित पडलाय. दार आतून बंद. म्हणजे खुनी इथेच बसलाय."

"पण मेलंय कोण?" थोरल्या जाऊने विचारलं.

बाई अडल्या. समोरच्या भल्या माणसांतून कुणाला मारायचं? कुणाकडेही पाहिलं तरी तो माणूस अंग चोरून घ्यायचा.

"मला मारा," तक्रारकाका म्हणाले. "तशीही सगळ्यांची इच्छा दिसतेच आहे."

मग धाकटी जाऊ खुदकन हसली, आणि सगळी बस हसली. काकाही हसले. हसताना ते निराळेच दिसत होते.

मग काकांना मरणं भागच होतं आणि मेलेल्या माणसाची चौकशी करणंही. तुमचे शत्रू कोण? धंदा काय? घरी कोण असतं? काका खुर्चीत मान टाकून, डोळे मिटून उत्तरं देऊ लागले. ते इमारतींच्या लिफ्ट तपासायचे. "माझी नोकरीच चुका काढायची. मी चूक काढली नाही तर कुणीतरी खाली पडायचं." पुढे म्हणाले, "सहलीला आम्ही दोघं यायचो. लोकांशी बोलायचं काम तिचं होतं. आता ती नाही. मला फक्त चुका काढता येतात."

कुणीतरी त्यांची बॅग उचलून वर ठेवली आणि शेजारी बसलं. जावांनी आपापसात ठरवलं की खून आपणच केलाय. विष थोरलीने आणलं, धाकटीने चहात घातलं. किती घातलं यावरून भांडण लागलं, पण ते समोरासमोर. मामांनी इंजिन सुरू केलं तेव्हा एक जण ओरडला, "मामा, जरा थांबा, जबाब चाललाय!"

सहल संपली. उतरताना काकांनी विचारलं, "बाई, मला मारलं कोणी?"

"अजून ठरलं नाही."

"असं कसं? अर्धवट काम मला चालत नाही." आणि त्यांनी बाईंचा फोन नंबर मागून घेतला.

दर रविवारी त्यांचा फोन येऊ लागला. "लागला शोध?" शेवटी लाजेखातर बाई लिहायला बसल्या. सकाळी कामाला निघण्याआधी, जेवणाच्या टेबलावर, सासूबाईंच्या चष्म्याच्या पहाऱ्यात. पानं भराभर झाली. वाफ, ढग, जावा, जबाब, सगळं जमलं. गाडी अडली ती खुन्यापाशी. कुणालाही खुनी केलं की बाईंना त्याची दया यायची. जावांना सोडून दिलं. मामांना पकडलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांना नजर देता येईना, म्हणून त्यांनाही सोडलं.

"तुझ्या बसमध्ये सगळे संतच भरलेत," सासूबाई वैतागल्या. "अगं, खुनी तोच असतो ज्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. बसमध्ये असं कोण असतं?"

बाईंनी विचार केला. "मी," त्या म्हणाल्या.

सासूबाईंनी चष्मा काढला. मग त्यांचा आवाज नेहमीपेक्षा खाली आला. "मग तूच. आणि बघ हं, तुला पकडायला त्यांना घाम फुटला पाहिजे."

त्यानंतर बाईंनी असं लिहिलं की स्वतःचीच भीती वाटावी. पुस्तकातली गाईड सगळ्यांचे जबाब घेते, आणि तिचा जबाब घ्यायचं कुणाला सुचतच नाही. ते लिहिताना त्यांना थोडं रडू आलं आणि पुष्कळ हसू.

एका प्रकाशकाने हस्तलिखित परत केलं. "खून विनोदी कसा असेल?" असं त्याचं म्हणणं. बाईंचं अवसान गळालं. रविवारी त्यांनी काकांना सांगून टाकलं, "राहू द्या, आपला घास नव्हे तो."

"मला वाचायला द्या," काका म्हणाले.

आठवडाभराने ते स्वतःच जिना चढून घरी आले. हातातल्या गठ्ठ्यावर लाल पेन्सिलीच्या खुणा होत्या. "बाई, तुम्ही मला चौथ्या प्रकरणात मारलंय आणि पाचव्यात मी चहा मागतोय. बसचं दार एकदा डावीकडे उघडतं, एकदा उजवीकडे. आणि हेतू फार कच्चा आहे. नुसता झेंड्याला नावं ठेवल्याबद्दल कुणी कुणाला मारत नाही."

"तुम्ही तिच्या बसमध्ये रोज बसला असतात तर कळलं असतं," सासूबाई म्हणाल्या. "पण दाराचं बरोबर आहे तुमचं. बसा."

दोघांनी मिळून बाईंना अक्षरशः राबवलं. सासूबाई धागेदोरे तपासत, काका दारं, खिडक्या आणि वेळा. दोघांचं एका वाक्यावरही एकमत होत नसे आणि दोघंही त्यामुळे खुशीत असत. काका हळूहळू तक्रार न करताही बसू लागले, म्हणजे चहा घेईपर्यंत.

दुसऱ्या एका लहानशा प्रकाशनाच्या प्रकाशिका होत्या. त्यांनी पुस्तक वाचलं आणि फोनवर त्या बोलता येईना इतक्या हसत होत्या. पुस्तक निघालं. फार गाजावाजा झाला नाही, पण ज्याने वाचलं त्याने दुसऱ्याला दिलं. मालकांनी पुस्तकातला मालक वाचून चार दिवस अबोला धरला. मग बुकिंगच्या खिडकीत लोक "ती खुनाची बस हीच ना?" विचारू लागले तसा अबोला आपोआप सुटला.

आता बाई किल्ल्याबद्दल बोलतात तेव्हा लोक ऐकतात. त्यांना वाटतं, मधेच काहीतरी घडेल. बाईही नेहमीच्या माहितीत रोज एखादी नवी गोष्ट शोधून घालतात, कारण ऐकणाऱ्यापुढे तेच ते बोलायची लाज वाटते. दुसरं पुस्तक सुरू झालंय. त्यात मनोऱ्यावरून एक जण पडतो. पडतो की ढकलला जातो, हे बाईंना अजून माहीत नाही. एका मंगळवारी त्या मालकांकडून सुट्टी मागून मनोऱ्यावर जाऊन आल्या, एकट्याच, झेंडा न घेता. कठड्याची उंची हाताने मापली, खाली वाकून पाहिलं. शेजारी उभी असलेली एक बाई घाबरून म्हणाली, "सांभाळा हं!"

"काळजी करू नका," गाईडबाई म्हणाल्या, "मी कामावर आहे."