निरोगी गल्ली

तिला सगळे बेडकेवाली म्हणायचे. पोरं तोंडावर, बाया पाठीमागे. काम होतंच तसं. छातीचा रोग कुठल्या गल्लीत किती जणांना आहे ते सरकारला मोजायचं होतं, म्हणून ही संध्याकाळी दारोदार झाकणाच्या डब्या वाटायची आणि सकाळी भरलेल्या गोळा करून दवाखान्यात न्यायची. "छातीतून खोकून काढा. थुंकी नको, बेडका पाहिजे," असं दारात उभं राहून बजावायची.

"घास कसा उतरतो गं तुझ्या घशाखाली?" एखादी म्हातारी नाक मुरडायची.

"तुमच्यापेक्षा दोन जास्तच उतरतात, आजी."

एवढ्या वर्षांत डोळा असा बसला होता, की झाकण उघडायचीही गरज नसे. डबी उजेडात धरली की कळायचं. छातीतलं असलं की घट्ट, बुडाला चिकटून बसतं. नुसती लाळ असली की पाण्यासारखी हलते. लाळ दिसली की ही डबी परत हातात द्यायची. "मला फसवाल, छातीला कसं फसवाल?" लोक शिव्या घालायचे, पण दुसऱ्या दिवशी खरं काय ते द्यायचे.

मग सूतगिरणीमागची गल्ली तिच्या वाट्याला आली. तिथं तिचा थोरला भाऊ राहायचा. बाप गेल्यावर शाळा सोडून तो गिरणीत शिरला, हिला शिकवली, हिचं लग्न केलं. कापसाची धूळ खाऊन आता आतून पोखरला होता. जिथं रोगी जास्त सापडतील तिथं छातीचे फोटो काढणारी गाडी आणि औषधं येणार होती. पण गाडी दारात थांबली की गिरणीच्या मुकादमाला वेगळं सांगायला लागत नसे. खोकणाऱ्याला तो घरी बसवायचा, आणि मग कायमचाच.

सकाळी वहिनीने डबी पुढं केली. हिने उजेडात धरली. पाणी.

"वहिनी, ही दादाची नाही."

वहिनीने पदराला हात पुसले. "पोरीची आहे. आता काय करायचं ते करा."

आतून दादा आला, तोंडावर पंचा धरून. "राहू दे गं. पोरीची शाळा संपेपर्यंत. मग म्हणशील तेवढं देतो, बादली भरून देतो." आपल्याच बोलण्यावर तो हसला आणि हसता हसता खोकल्याने असा वाकला, की भिंत धरत आत गेला.

हिने डबी खोक्यात ठेवली.

वहिनीच्या पोटात काही राहत नसे. नळावर तिने शेजारणीला सांगितलं, शेजारणीने तिच्या जावेला. दुसऱ्या दिवशी उरलेल्या घरांतून आलेली एकेक डबी पाण्यासारखी. कोपऱ्यावरचा जाडा मामा खोकला की तीन घरांपलीकडची पोरं दचकायची, त्याचीही तशीच.

"मामा, ही—"

"तुझ्या भावासारखीच आहे बघ," मामा म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. उलट, बिचारा हात जोडून उभा होता.

हिने ती डबी खोक्यात ठेवली. सगळ्या डब्या घेतल्या.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी निकाल पाहिला आणि कपाळाला आठी घातली. "गिरणीच्या मागं, आणि एकही नाही? तू बघून घेतल्यास ना?"

"बघूनच घेतल्या."

"मग झालं. तुझा डोळा चुकत नाही."

गाडी नदीपलीकडे गेली. पावसाळ्यात जाडा मामा गेला, हिवाळ्यात दादा. शेवटी शेवटी दादाच्या डबीला उजेड दाखवायची गरज नव्हती, उशीच लाल असायची.

पुढच्या वर्षी दुसरी मोजणी निघाली. मोजणीचा नियम साधा होता, घरात आज श्वास घेतो तोच माणूस धरायचा. मेलेला कुठंच धरायचा नाही. म्हणजे जितके मरतील तितकी गल्ली निरोगी. हे हिला पूर्वीही माहीत होतं; आज ते दादाच्या दारात उभं राहून विचारायचं होतं.

"घरात माणसं किती?"

"तुम्हाला माहीत नाही?" वहिनी म्हणाली.

"विचारावं लागतं."

"दोन. मी आणि पोरगी."

पोरीची शाळा अर्ध्यातच सुटली होती. ती बापाच्या जागेवर गिरणीत लागली होती. आत केस विंचरत होती, आणि मध्येच थांबून तोंड खांद्यात खुपसत होती.

सकाळी वहिनी दोन्ही हातांत दोन डब्या घेऊन उंबऱ्यात आली. एक स्वच्छ, हलणारी. दुसरी घट्ट, आणि तिच्यात तांबडा धागा.

"ही माझी," वहिनी स्वच्छ डबी पुढं करत म्हणाली. "पोरीची म्हणूनही हीच लिहा. मुकादम आताच कुरकुरतोय. गेल्या वेळी लिहिलीत ना तुम्ही?"

"लिहिली," ही म्हणाली. "म्हणून तर."

हिने दुसऱ्या डबीला हात घातला. वहिनीने ती सोडली नाही. दोघी उंबऱ्याच्या दोन बाजूंना तशाच, एका डबीला धरून उभ्या राहिल्या. आत पोरगी पुन्हा खोकली, तेव्हा वहिनीची बोटं सैल झाली.