हॉटेलाच्या दारावरचा माणूस

नातीच्या साखरपुड्याला कुरुंद्याहून हैदराबादच्या बड्या हॉटेलात गेलो. दार काचेचं, आपोआप सरकणारं. पण समोर रांगोळी अन् पेटलेली समई. म्हणून मी वहाणा बाहेरच काढल्या.

दारावर माझ्याच वयाचा माणूस होता. अंगात साहेबी कोट, डोक्याला जरीचा फेटा. त्यानं मला गंध लावलं, इंग्रजीत काहीतरी म्हणला अन् वाकून माझ्या वहाणा दोन्ही हातांनी उचलल्या.

"अहो, काय करून राहिले? ठेवा खाली!"

माझी बोली ऐकून तो थिजला. "कुठले तुमी?"

"कुरुंद्याचा."

त्याचा चेहरा उतरला. "मी तिकडचाच. पाव्हणं, कोणाला बोलू नका. लग्नसराईत गावी जातो तवा नवरदेवाचे फेटे मीच बांधतो. हे हात वहाणा उचलतात असं कळलं, तर कोण डोकं पुढं करील?"

त्याचं नाव-गाव मी आजवर कोणाला सांगितलं न्हाई, इथंही लिहीत न्हाई.

त्याच्या हातातल्या वहाणा मी काढून घेतल्या. डोक्याचा पटका सोडून त्याला दिला अन् तिथंच, सगळ्यांसमोर, मान खाली घातली.

"बांधा," म्हणलं.