गोड दुखतंय की कडू?

मुलींना शेवटची फेरी मारायला सांगून मी शिट्टी ओठांशी नेली, तेवढ्यात फोन थरथरला. प्रणालीचं नाव दिसलं आणि मला कळलं. कमलताईंची ही मुलगी माझ्या शाळेच्या वेळेत कधी फोन करत नसे. "शुभाताई, आई गेली... आत्ताच, दहा मिनिटं झाली," एवढंच ती म्हणाली. समोर मुली धावत होत्या. फेरी संपवून त्या आल्या, पिशवीतून आपापले रोलर काढले आणि बदलापूरच्या आमच्या त्या धुळकट मैदानावर त्यावर पोटऱ्या टेकवून बसल्या. त्यांच्यातल्या एकीनेही कमलताईंना पाहिलेलं नव्हतं. त्या दिवशी मी त्यांना काही सांगितलं नाही. सांगताच आलं नाही. आता पाच आठवडे झालेत, तर लिहून बघते.

कमलताई उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये जीन्सच्या कारखान्यात मशीन चालवायच्या. राहायला विठ्ठलवाडीच्या चाळीत. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा सतरा वर्षांची होते, आठशे मीटर धावत होते आणि स्वतःला फार मोठी समजत होते. त्या चाळिशीच्या. वर्षानुवर्षं मशीनवर वाकून कंबर धरलेली, म्हणून डॉक्टरांनी रोज सकाळी चालायला सांगितलेलं. पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला गच्च बांधलेली, पायात कॅनव्हासचे बूट अशा त्या चाळीजवळच्या, आम्ही सराव करायचो त्या मैदानाच्या कडेकडेने फेऱ्या मारायच्या आणि आमच्याकडे बघत राहायच्या. जोराच्या सरावानंतर दुसऱ्या दिवशी आम्ही मुली कशा चालायचो, ते त्यांच्या नजरेतून सुटत नसणार. पायरी उतरताना भिंत धरायची, खाली बसताना 'आई गं' करायचं. आमचे सर जुन्या वळणाचे. दुखतंय म्हटलं की म्हणायचे, "दोन फेऱ्या जास्त मार, पळता पळता सुटेल." आम्ही मारायचो. सुटायचं नाही.

एका सकाळी कमलताई आमच्याजवळ आल्या आणि पिशवीतून एक विचित्र वस्तू काढली. पाण्याच्या पाइपचा हातभर तुकडा, त्यावर फोम गुंडाळलेला, आणि वरून जीन्सच्या उरलेल्या कतरणीचं कव्हर, नारिंगी दोऱ्याने दुहेरी शिलाई घालून इतकं घट्ट शिवलेलं की कुठे सुरकुती नाही. दवाखान्यात कंबरेचे व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्ट बाईंकडे त्यांनी तसला रोलर पाहिला होता. त्या बाईंना प्रश्न विचारून विचारून भंडावून सोडलं होतं, आणि मग घरी येऊन स्वतःच तसा शिवला होता. "पोटरी यावर ठेव. हात मागे टेक. हळूहळू पुढे-मागे कर. घाई नाही करायची, लाटणं नाहीये ते," त्या मला म्हणाल्या. मी हसत हसत पाय ठेवला आणि पुढच्याच क्षणी किंचाळले. "जिथे ओरडलीस ना, तिथेच थांब. श्वास सोड. अजून सोड." मी थांबले. वीस-तीस सेकंदांत पोटरीतली ती गाठ, जी चार दिवस माझ्याबरोबर झोपत होती आणि उठत होती, जराशी विरघळल्यासारखी झाली. मी त्यांच्याकडे बघितलं तर त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. पुढच्या मुलीला बोलावत होत्या.

पुढच्या दोन-तीन महिन्यांत ग्राउंडवरच्या प्रत्येक मुलीकडे कतरणीचा रोलर झाला. मग जुन्या मोज्यात घातलेले रबरी चेंडू आले. एक चेंडू तळव्याखाली. दोन चेंडू एकत्र बांधलेले, पाठ भिंतीला टेकवून मणक्याच्या दोन्ही बाजूंना. खुब्यासाठी चेंडूवर बसायची वेळ आली तेव्हा आम्ही लाजून इकडेतिकडे बघायला लागलो, तर त्या म्हणाल्या, "धावताना ढुंगण घरी ठेवून येता का गं?" त्यांचे नियम पक्के होते. हाडावर फिरवायचं नाही, सांध्यावर नाही, गुडघ्याच्या मागच्या खळीत तर अजिबात नाही. आणि प्रत्येक वेळी एकच प्रश्न: "गोड दुखतंय की कडू?" गोड म्हणजे दाबल्यावर दुखतं पण बरं वाटतं, ते स्नायूचं. कडू म्हणजे टोचतं, अंग मागे ओढून घ्यावंसं वाटतं. "दोन दिवसांत सुटलं नाही तर ते आपल्या हातातलं नाही. डॉक्टरकडे जायचं," हे त्या इतक्यांदा सांगायच्या की आम्ही मागून त्यांची नक्कल करायचो.

सरांना हे काही पटत नव्हतं. "अहो बाई, हे ग्राउंड आहे, मालिश सेंटर नाही," ते एकदा सगळ्यांसमोर म्हणाले. कमलताईंनी "हो सर" म्हटलं आणि काम चालू ठेवलं. त्या भांडत नसत आणि ऐकतही नसत. हा त्यांचा स्वभावच होता, घरचेही त्यापुढे थकायचे. दोन महिन्यांनी एका सकाळी आम्ही लवकर पोचलो तर सर एकटेच प्रेक्षकांच्या स्टँडच्या मागे भिंतीला पाठ लावून, डोळे मिटून, दोन चेंडूंवर डुलत होते. त्यानंतर तो विषय संपला.

आता जे सांगायचं आहे ते सांगायला मला अजूनही जड जातं. जिल्ह्याच्या निवड चाचणीला पंधरा दिवस राहिले होते आणि माझी डावी नडगी दुखायला लागली. मी कुणाला न सांगता घरी रोलर फिरवत होते. ग्राउंडवर फिरवायला बसले तेव्हा कमलताईंनी माझा चेहरा बघितला, जवळ येऊन बसल्या आणि एका बोटाने नडगीवरून हळूच खाली गेल्या. रुपयाएवढ्या एका जागी मी पाय झटकन ओढून घेतला. त्यांनी माझ्या हातातला रोलर काढून घेतला. "हे कडू आहे शुभा. याला हात लावायचा नाही. आणि धावायचंही नाही."

"तुम्ही डॉक्टर आहात का?" मी म्हणाले. एवढ्यावर थांबले असते तर... पण थांबले नाही. "जीन्स शिवणाऱ्या बाईने मला धावायचं शिकवू नये."

कमलताईंनी रोलर पिशवीत ठेवला. मग शांतपणे म्हणाल्या, "नाही ना मी डॉक्टर. म्हणून तर डॉक्टरकडे चल म्हणते."

त्यांनी त्या दिवशी कारखान्यात अर्धी रजा टाकली. शेअर रिक्षात मी बाहेर बघत बसले होते आणि त्या माझा पाय कुणाच्या पिशवीला लागू नये म्हणून मध्ये हात धरून बसल्या होत्या. एक्स-रेमध्ये हाडाला बारीक रेघ होती. डॉक्टर म्हणाले, "याच्यावर शर्यत धावली असतीस तर मधोमध मोडलं असतं. कोणी ओळखलं हे?" मी पायात बूट चढवायला लागले. चाचणी गेली. घरी अंबरनाथला मी भिंतीकडे तोंड करून पडले आणि मनातल्या मनात सगळा राग त्या बाईवरच काढत राहिले, कारण दुसरं कुणी सापडत नव्हतं. दर दुसऱ्या रविवारी त्या आमच्या घरी यायच्या. मी बोलत नसे. त्या आईशी गप्पा मारत, चहा पीत. एकदा जाताना त्यांनी एक चेंडू माझ्या पलंगावर टाकला. "एक पाय सुट्टीवर आहे, दुसरा कशाला रिकामा बसलाय?" मला हसू आलं, आणि हसता हसता रडू.

मी परत धावले. फार मोठी धावपटू झाले नाही. राज्यापर्यंत एकदा पोचले, पदक नाही. पण खेळाची शिक्षिका झाले, आणि सदतिसाव्या वर्षी आजही मुलींबरोबर पूर्ण फेरी मारते. हे ज्या पायावर चाललंय, त्याची गोष्ट मी वर सांगितली.

गेल्या वर्षी कमलताईंची पाठ दुखायला लागली. त्यांनी पाठीखाली चेंडू घेतले. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी त्या स्वतः उठून डॉक्टरकडे गेल्या, कुणाला ढकलावं लागलं नाही. दुखणं पाठीत होतं, पण गाठ पोटात निघाली. तोवर उशीर झालेला होता. आम्ही सगळ्याजणी रडलो, त्या मात्र म्हणाल्या, "नियमाप्रमाणे गेले ना मी? मग बास." आठ महिने मिळाले. मी जमेल तेव्हा जायचे. पडून पडून त्यांचे पाय आखडायचे. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, दाब द्यायचा नाही, तेल लावून नुसता हात फिरवा. आयुष्यात त्यांनी कुणाला स्वतःचे पाय धरू दिले नव्हते, पण त्या दिवशी पाय पुढे केले. पोटऱ्या किती बारीक झाल्या होत्या... हात फिरवता फिरवता मी म्हणाले, "ताई, तेव्हा ग्राउंडवर मी जे बोलले होते, त्याची माफी मागायची राहिली."

"काय बोलली होतीस?"

मी सांगितलं. वीस वर्षांनी ते वाक्य पुन्हा उच्चारताना माझे कान तापले.

त्या जराशा हसल्या. "जीन्सच शिवते मी. त्यात खोटं काय होतं?" मग डोळे मिटून म्हणाल्या, "लागलं होतं तेव्हा. घरी येऊन रडले होते. पण तुझा पाय आठवला की राग टिकायचा नाही."

त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या, दिवशी चाळीत पाय ठेवायला जागा नव्हती. आमच्या ग्राउंडच्या किती मुली आल्या होत्या, कुणी पोलीस, कुणी नर्स, कुणी दोन लेकरांची आई. कारखान्यातल्या बायकाही आल्या होत्या. त्यातल्या एकीने माझा हात धरला. "तुम्ही शुभा ना? एकदा आमच्या इकडे या. त्यांची जागा बघायला."

इतक्या वर्षांत मी त्यांचा कारखाना पाहिला नव्हता. मागच्या आठवड्यात गेले. अरुंद जिना, वरती एका लांब खोलीत दोन्ही बाजूंना मशीनी, निळ्या कापडाचे ढीग आणि कानठळ्या बसवणारा आवाज. म्हाताऱ्या सिंधी मालकांनी उठून मला आत नेलं. "कमलबेन की मशीन वो तीसरी," ते म्हणाले, आणि मग खाली बोट दाखवलं. मी वाकून बघितलं. मशीनच्या पेडलशेजारी, दोन लाकडी ठोकळ्यांत बसवलेला, जाग्यावरच फिरणारा एक गोल दांडा होता. शेजारच्या मशीनखाली तसाच एक. त्यापुढच्या मशीनखालीही. त्या ओळीत सगळीकडे. "बीस साल पहले लगवाया उसने. बोली, सेठ, पैर सूज जाते हैं सबके. मैंने बोला, लगा ले," मालक म्हणाले. आम्हाला वाटायचं, त्या फक्त आमच्याच होत्या.

तिसऱ्या मशीनवर आता एक नवी बाई बसते. मी उभी होते तेवढ्यात तिचा खिसा शिवून झाला. तिने दोरा तोडला, पुढचा तुकडा ओढला, आणि मान वर न करता चप्पल काढून डावा पाय त्या दांड्यावर ठेवला. दांडा मधोमध झिजून गुळगुळीत झाला होता, तिची टाच बरोबर त्या खोलगट जागेत बसली. तिचा पाय पुढे-मागे, पुढे-मागे हलत राहिला, हळू, अजिबात घाई न करता.