दिगंबररावांच्या फोटोखाली सिस्टरबाईंचं वाक्य

"अण्णा, हे तुमीच बोलले का?"

हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावच्या बाजारात एका म्हाताऱ्याने पेपरचं कात्रण वर धरून उमेदवाराला हे विचारलं, तेव्हा मी त्याच्यापासून दहा हातांवर वही घेऊन उभा होतो. विधानसभेचं मतदान आठ दिवसांवर आलं होतं. उमेदवार होते दिगंबरराव, जिल्हा परिषदेचे माजी सदस्य. नुकतेच जीपमधून उतरले होते, गळ्यातला हारही अजून काढला नव्हता.

म्हाताऱ्याने कात्रण मोठ्याने वाचलं. मुद्दाम सावकाश. "‘चूक झाली तर ज्याचं नुकसान झालं त्याच्या दारात जाऊन, चारचौघांत ती कबूल करायची, हे माझं तत्त्व आहे.’ आन वर तुमचा फोटू."

दिगंबररावांनी त्यांच्या पीएकडे पाहिलं. पीएने माझ्याकडे पाहिलं. मी वहीत काहीतरी लिहिल्यासारखं केलं.

"व्हय. माझंच हाय की," दिगंबरराव म्हणाले.

"मंग फाट्यावरचा एसटीचा निवारा घ्या. तुमच्याच काळातला. त्याचं तोंड पावसाकडं केलं तुमी. पाऊस आत बसतो आन आमी बाहेर उभे. चूक हाय का न्हाई?"

बाजार हसला. भाजीवाल्या बायांनी तराजू खाली ठेवले. मला घाम फुटला, कारण ते वाक्य दिगंबररावांनी कधीच उच्चारलं नव्हतं. त्यांनी आता "पेपरवाल्याने मनानं लिहिलं" एवढं म्हटलं असतं, तर माझी बावीस वर्षांची नोकरी तिथेच संपली असती.

दिगंबररावांनी हार काढून पीएच्या हातात दिला आणि म्हाताऱ्यापुढे हात जोडले. "चूक हाय. जागा बघायला मी गेलोच न्हाई. कागदावर सही केली. माफ करा."

मग कोणीतरी टाळी वाजवली आणि सगळा बाजार वाजवू लागला. मी इतक्या निवडणुका पाहिल्या, पण उमेदवाराने माफी मागितली म्हणून टाळ्या पडल्याचं कधी पाहिलं नव्हतं. माझ्याही अंगावर काटा आला. बातमी कडक होती. फक्त तिचं मूळ खोटं होतं आणि ते मला एकट्यालाच माहीत होतं.

ते मूळ आता सांगतो. मी एका दैनिकाच्या हिंगोली कार्यालयात ब्युरो चीफ होतो. म्हणजे जिल्ह्याच्या पानावर जे छापून येतं, त्याची जबाबदारी माझी. निवडणुकीत आम्ही ‘माझी मूल्ये’ नावाचा कॉलम चालवला. नऊ उमेदवार, नऊ बॉक्स. बॉक्स म्हणजे पानावर रेघांची चौकट करून टाकलेला छोटा मजकूर. वर फोटो, खाली चार ओळी. प्रश्न एकच: तुम्ही जगताना कोणतं तत्त्व पाळता?

नऊपैकी आठ जणांकडून एकच उत्तर आलं. तेही पीएकडून, फोनवर. "साहेब फिरून राहिले. तुमीच लिवा काहीतरी चांगलं." मी लिहायचो. हे मी पहिल्यांदाच करत नव्हतो. दर निवडणुकीला करत आलो होतो. एकाला प्रामाणिकपणा दिला, दुसऱ्याला साधी राहणी, तिसऱ्याला ज्येष्ठांचा आदर. कोणी तक्रार केली नाही. खोटं बोलतोय असं मला वाटतच नव्हतं. पान भरायचं आहे, एवढंच वाटायचं. आज ते लिहितानाही मान खाली जाते.

उत्तर स्वतः लिहून आणणारी एकच उमेदवार होती. सुलोचनाताई, अपक्ष. गोरेगाव भागात त्यांनी सरकारी नर्स म्हणून सगळी नोकरी काढली, म्हणून लोक त्यांना सिस्टरबाई म्हणतात. चार ओळी मागितल्या होत्या, त्यांनी फुलस्केपची तीन पानं आणली. निळ्या शाईत, पाठपोट. मी चार ओळी काढून छापल्या आणि पानं ड्रॉवरमध्ये टाकली.

दिगंबररावांचा बॉक्स शेवटचा होता. पान सोडायला वीस मिनिटं उरली होती. पान सोडणं म्हणजे छपाईला पाठवणं. एकदा सुटलं की परत नाही. माझ्याजवळची चांगली चांगली तत्त्वं संपली होती. मी ड्रॉवर उघडला. सिस्टरबाईंच्या दुसऱ्या पानावर एक वाक्य होतं. पहिल्यांदा वाचलं तेव्हाच आवडलं होतं, पण त्यांच्या चार ओळींत बसलं नव्हतं. आमच्याकडे उरलेल्या मजकुराने रिकामी जागा भरतात, त्याला फिलर म्हणतात. मी ते वाक्य फिलर म्हणून वापरलं. दुसऱ्या माणसाच्या फोटोखाली.

बाजारातल्या माफीनंतर जिल्हा पेटला. व्हिडिओ प्रत्येक मोबाइलवर गेला. साखरा गावात लोकांनी दिगंबररावांना बंद पडलेल्या हातपंपाची माफी मागायला लावली. ती त्यांनी मागितली. पुढच्या गावात म्हणे लोक आधीच यादी करून बसले होते. त्यांच्या प्रचाराच्या गाडीवर नवीन रेकॉर्डिंग वाजू लागलं: ‘चूक कबूल करणारा एकच नेता.’ एका विरोधी उमेदवाराच्या पीएचा मला फोन आला. "आमच्या साहेबांना काहून असं भारी तत्त्व दिलं न्हाई? साधी राहणी कोण विचारतं?"

हेड ऑफिसमधून संपादकांचा फोन आला. "तुझ्या कॉलमने निवडणूक फिरवली राव. जबरदस्त."

मी "हो सर" म्हणालो. खरं सांगायचं तर मलाही मजा येत होती. सकाळी उठून आधी मोबाइल बघायचो, आज कुठल्या गावात काय झालं.

तिसऱ्या दिवशी दुपारी सिस्टरबाई ऑफिसात आल्या. बरोबर गोरेगावचे रफिकभाई होते, टेलर. बाईंनी चहा नको म्हणून सांगितलं.

"भाऊ, माझी कागदं आहेत का?"

मी ड्रॉवर उघडून पानं पुढे ठेवली. त्यांनी दुसरं पान काढलं आणि माझ्याकडे फिरवलं. ते वाक्य लाल पेनाने अधोरेखित केलेलं होतं.

"ही लाल रेघ कोणाची?"

"माझी."

"म्हंजे आवडलं होतं."

रफिकभाईंना राहवलं नाही. "साहब, ये बात मेरे घरमें हुई है. पेपरमें उस आदमी के नीचे पढी, मैं सिलाई छोडके उठ गया. तुमको कोई दुसरी बात नहीं मिली?"

त्यांच्या घरातली ती गोष्ट पहिल्या पानावर होती आणि ती मी नुसती चाळली होती. रफिकभाईंची मुलगी लहान असताना तिचा कान वाहत होता. सिस्टरबाई म्हणाल्या होत्या, मळ आहे, आपोआप बरा होईल. बरा झाला नाही. त्या कानाने मुलीला ऐकू येणं बंद झालं. बाईंना कळलं त्या दिवशी ड्युटी संपवून त्या रफिकभाईंच्या दारात गेल्या आणि मोहल्ल्यातल्या लोकांसमोर म्हणाल्या, चूक माझी आहे, हिंगोलीला पाठवायला पाहिजे होतं.

"गाली दिया मैं उनको उस दिन," रफिकभाई म्हणाले. "सब सुन ली. गयी नहीं. दुसरे दिन पोरीको लेके खुद हिंगोली गयी."

सिस्टरबाई मध्येच म्हणाल्या, "ते राहू द्या. भाऊ, मी गावोगाव जाऊन हेच सांगून राहिले. लोक म्हणतात, बाई, हे तर अण्णाचं हाय, तुमी काहून चोरलं? मला निवडून येणं होणार न्हाई, ते ठाऊक हाय. पण चोर म्हणून पडायचं नव्हतं."

माझ्याकडे पर्याय एकच होता, दुरुस्ती छापणं. दुरुस्ती म्हणजे पेपरने आपली चूक मान्य करणारी छोटी चौकट. त्यासाठी संपादकांची परवानगी लागते. मी त्या दोघांसमोरच फोन लावला आणि सगळं सांगितलं.

संपादकांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मतदानाला पाच दिवस राहिलेत. एकाचं तत्त्व दुसऱ्याचं निघालं, असं छापायचं? दोघंही आपल्याला कोर्टात ओढतील. निकालानंतर बघू."

"निकालानंतर काय उपयोग सर?"

"तुझ्या नोकरीला उपयोग आहे. ठेव फोन."

त्यांचा आवाज मोठा आहे. समोरच्या दोघांना सगळं ऐकू गेलं. सिस्टरबाईंनी पानांची घडी घातली.

"परवा संध्याकाळी गोरेगावात रफिकभाईच्या दुकानापुढं माझी बैठक आहे," त्या म्हणाल्या. "वाक्य तुमीच छापलंय. दारात जाऊन, असं लिवलंय त्यात. तुमी न्हाई आले तरी बैठक होणार, ते टेन्शन घेऊ नका."

दोन दिवस मी स्वतःला कारणं देत राहिलो. घरचं लोन, मुलीचं कॉलेज. बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "आठ जणांचं लिहून दिलंत. स्वतःचं एक वाक्य बोलायला काय होतंय?" मग मी गाडी काढली.

बैठकीला दीडएकशे लोक होते. बऱ्याच बाया होत्या, कापूस वेचून तशाच आलेल्या. पुढे तो कात्रणवाला म्हाताराही होता. सिस्टरबाईंनी माझं नाव घेतलं आणि माईक हातात दिला. मी "नमस्कार, माझ्याकडून एक चूक" एवढंच म्हणालो, तोच मागच्या रस्त्यावरून दिगंबररावांची गाडी भोंगा वाजवत आली. ‘चूक कबूल करणारा एकच नेता.’ लोक खो खो हसायला लागले. गाडी बाजारापर्यंत जाऊन वळून परत आली. मी माईक धरून उभा.

आवाज लांब गेल्यावर मी सांगितलं. सगळं. वाक्य कोणाचं, ड्रॉवर कसा उघडला, लाल रेघ कोणाची.

म्हातारा उठला. "म्हंजे मी अण्णाला उगाच धरलं?"

"निवारा त्यांच्याच काळातला आहे ना?"

"व्हय."

"मग बरोबर धरलं."

"हां, मंग ठीक," म्हणून तो बसला.

एका बाईने विचारलं, "सिस्टरबाईचं त्यांनीच लिवलं. मंग बाकीच्यांचं कोणी लिवलं?"

"मीच."

"समद्यांचं?"

"आठही जणांचं."

"म्हंजे आठ ठिकाणी तुमीच उभे हाय का?"

पुन्हा हशा झाला. मलाही हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणी आलं. माझ्या सगळ्या नोकरीचं इतकं नेमकं वर्णन कोणी केलं नव्हतं.

सिस्टरबाईंनी माईक परत घेतला. आता त्या माझी सालटी काढतील असं वाटलं. त्या म्हणाल्या, "चार ओळी मागितल्या, मी तीन पानं नेली. ती माझी बी चूक. भाऊ, बसा, पाणी प्या." आणि त्या गोरेगावला रुग्णवाहिका हवी, या विषयाकडे वळल्या. त्या वाक्याचा त्यांनी पुन्हा उल्लेखसुद्धा केला नाही. रफिकभाईंनी शिलाई मशीनमागचं स्टूल माझ्याकडे सरकवलं.

मी हिंगोलीला पोहोचण्याआधी व्हिडिओ हेड ऑफिसला पोहोचला होता. संपादक ओरडले नाहीत. "उद्यापासून ब्युरोत बसू नकोस," एवढंच म्हणाले. दुरुस्ती मात्र सकाळी छापून आली. सगळ्या जिल्ह्याने ऐकल्यावर न छापणं जास्त अवघड होतं.

मग दिगंबररावांचा फोन आला. मी शिव्यांची तयारी केली.

"माझं नव्हतं ते वाक्य, ते मलाबी ठाऊक होतं की," ते म्हणाले. "पण निवाऱ्याचं बोललो तवा हलकं वाटलं, खरं सांगतो. बरं, उद्या सेनगावला सभा हाय. आता काय बोलू?"

"तुमचं स्वतःचं काही असेल ते बोला."

"बघतो," ते म्हणाले.

निकालात दिगंबरराव पडले. सिस्टरबाईंचं डिपॉझिट गेलं. पण गोरेगावच्या केंद्रांवर त्या दुसऱ्या क्रमांकावर होत्या आणि रफिकभाईंनी मला तो आकडा तीनदा फोन करून सांगितला. निवडून आला तिसराच. त्याचं तत्त्वही मीच लिहिलं होतं. ते काय होतं, हे मला आठवत नाही. त्यालाही आठवत नसावं.

मी सध्या त्याच पेपरच्या छोट्या जाहिरातींच्या खिडकीवर बसतो. घर भाड्याने देणे आहे, नाव बदलले आहे, असा मजकूर. इथे नियम साधा आहे. माणसाने स्वतः लिहायचं आणि खाली सही करायची. परवा एक जण म्हणाला, "साहेब, तुमीच लिवा ना काहीतरी चांगलं." मी पेन त्याच्यापुढे ठेवला. त्याला अर्धा तास लागला. रांगेतले लोक माझ्यावर चिडले. पण मजकूर त्याचा होता.