गळतीला बोलावणारी बाई

तमिळ मुलखातल्या ओरगडमच्या बसथांब्यामागे आमची राहती गाडी, आमचं चाकांवरचं घर, उभी होती आणि मी टपावर चढून छतातल्या खिडकीभोवती चौथ्यांदा सिलिकॉन फासत होतो. पावसाने गादी पुन्हा भिजवली होती. "आता गळली, तर गाडी विकायची," असं बायकोने निक्षून सांगितलं होतं.

कंपनीच्या बसची वाट बघणारी, गणवेशातली पन्नाशीची एक बाई माझी धडपड बघत होती. कारखान्यात नव्या गाड्यांवर पाणी सोडून गळती शोधणं, हेच तिचं काम. "फासू नका, सार," ती तमिळमध्ये म्हणाली. "आधी गळतीला बोलवा."

चपला काढून ती आत शिरली. पर्समधली पावडर तिने खिडकीच्या चौकटीला आतून थापली, बाळाच्या गालाला लावावी तशी. मी वरून एकेका बाजूला पाणी ओतू लागलो. तीन बाजू कोरड्याच राहिल्या. चौथ्या बाजूला मात्र पावडरीत बारीक ओली रेघ उमटली.

"वंदाच्चु! आली, आली!" ती टाळ्या पिटत ओरडली. रेघ एका सैल स्क्रूपासून निघाली होती. आत गादी सुकवत बसलेली बायको उठून तिचे हात धरून गोल फिरू लागली, मी टपावरच नाचलो, गाडी हिंदकळली.

बस आली. केसांत पावडर घेऊन ती हसत धावली. नाव विचारायचं राहूनच गेलं. जी गळती मी तीन महिने लोकांपासून लपवत होतो, तिला बघून ती बाई माहेरवाशीण दारात आल्यासारखी हरखली होती.