धुवायच्या चार डिश

काकू नोकरीला लागल्या तेव्हा विभागात चार माणसं होती आणि चौघंही काम करायची. आता एकवीस आहेत. त्यातले वीस साहेब.

या विसांनाही काकूंनीच घडवलेलं. हातमोजे कसे चढवायचे, उघड्या डिशवर शिंकायचं का नाही, सगळं. शिकले की ते वरच्या मजल्यावरच्या केबिनीत जात. काकू खालीच, पुढच्या नवख्याला मोजे दाखवत.

विभागाचं काम कातडी वाढवायचं. भाजलेल्या माणसाच्या अंगावरून टपाल तिकिटाएवढी चांगली कातडी घ्यायची आणि तिच्यातल्या पेशी झाकणाच्या चपट्या डिशमध्ये खाऊपिऊ घालून वाढवायच्या.

"हातभर कापडात मी दोन शर्ट बेतू शकत नाही," काकूंचा शिंपी नवरा मशीनवरून म्हणायचा, "आणि तुम्ही म्हणे तिकिटात माणूस शिवता!"

"अहो, आमचं कापड वाढतं. कातडीच्या तळाला मूळपेशी असतात. एकीच्या दोन होतात. एक तळालाच राहते, पुन्हा दोन व्हायला. दुसरी मोठी होते. वर सरकते, चपटी होते, कडक होते आणि शेवटी मरून गळते. तुमच्या खांद्यावर पडलाय ना कोंडा, तो असाच मोठा झालेला."

नवऱ्याने खांदा झटकला. "म्हणजे तुमचे साहेबच की!"

"हळू बोला," म्हणत काकू तोंडाला पदर लावून हसल्या.

त्या महिन्यात डिशमध्ये भट्टीवाल्याची कातडी होती. बेकरीत भट्टीचं दार उघडताना त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले होते. त्याची बायको रोज दाराबाहेरच्या बाकावर येऊन बसायची.

"काकू, आज किती झाली?"

"वाढतेय गं. तू आधी खाऊन घे काहीतरी."

गुरुवारी काकूंनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. डिश पाऊण भरली होती. म्हणजे आजच पेशी तळापासून सोडवून चार डिशमध्ये वाटायला हव्यात. जागा संपून त्या एकमेकींना खेटल्या, की दोन होणं थांबतं आणि सगळ्याच मोठ्या व्हायला निघतात. तळाला कामाला कुणी उरत नाही. ही डिश गेली तर दुसरी नव्हती.

नेमके तेव्हाच मोठे साहेब खाली उतरले. "काकू, या डिशला हात लावायचा नाही. सोमवारी नव्या केबिनींच्या उद्घाटनाला पाहुणे येतायत. डिश काठोकाठ दिसली पाहिजे."

"साहेब, काठोकाठ भरली की संपली."

"अर्धवट डिश दाखवली तर लोक म्हणतील, विभागच अर्धवट."

"पण सोमवारपर्यंत सगळ्या पिकतील हो!"

"परिपक्व पेशी! वा!" साहेबांनी खिशातून कागद काढला. "भाषणात घालतो."

साहेब वर गेले. काकूंनी दार लावलं, मोजे चढवले आणि पेशी चार डिशमध्ये वाटल्या. तळाशी भट्टीवाल्याचा नंबर घातला, झाकणांवर चिठ्ठी चिकटवली: 'धुवायच्या'. साहेबलोकांनी धुवायच्या वस्तूला हात लावल्याचं काकूंच्या आठवणीत नव्हतं. धुवायच्या डिश पेशींच्या उबदार कपाटात कशाला, हा प्रश्न पडायला आधी धुणं माहीत असावं लागतं. पाहुण्यांसाठी त्यांनी दुसऱ्याच कुणाच्या कातडीची, फेकायला काढलेली एक जुनी डिश ठेवली. गच्च भरलेली, एकही पेशी हलत नव्हती.

सोमवारी पाहुण्यांनी एक डोळा मिटून तिच्यात पाहिलं. "अहाहा! काय दाटी!"

टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांनी साहेबांना चेव आला. "आणि हीच डिश आज दुपारी आपल्या रुग्णाच्या हातावर चढणार!"

बाकावरून भट्टीवाल्याची बायको ताडकन उठली. डोळे भरलेले. बोलावं तर नोकरी, न बोलावं तर त्याचे हात.

"साहेब, ती नाही."

"काकू, नंतर हं."

"नंतर ती गळून पडेल, साहेब. ती पिकून संपलीय. त्याची कातडी इथे आहे." काकूंनी कपाट उघडून चारही डिश टेबलावर मांडल्या.

"धुवायच्या?" पाहुण्यांनी मोठ्याने वाचलं.

भट्टीवाल्यावर शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनबाईंनी पुढे होऊन एकेक डिश पाहिली, तळाचे नंबर वाचले. मग त्या जुन्या डिशमध्ये डोकावल्या आणि ती बाजूला सारली. "या चार ताज्या आहेत, अजून वाढतील. चढवायची ती हीच कातडी, पण आज नाही, तयार झाल्यावर. पेशी वेळेवर कुणी वाटल्या?"

साहेबांनी घसा साफ केला. "विभागाने."

विभागाचा फोटो छापून आला, त्यात वीस जण होते. काकूंना मेमो मिळाला: डिशवर चुकीची चिठ्ठी लावल्याबद्दल. पुढच्याच महिन्यात साहेबांना आणखी वरचा मजला मिळाला.

कातडी चढवल्यावर चार महिन्यांनी भट्टीवाला बायकोसकट धावत आला. बाह्या वर, चेहरा पांढराफटक. "काकू, घात झाला! कातडी गळतेय!"

काकूंनी त्याचा हात उजेडात धरला, अंगठ्याने चोळला. बारीक पापुद्रे टेबलावर पडले. खाली गुलाबी, मऊ, कोवळी कातडी होती.

"गळू दे रे," काकू म्हणाल्या. "वरचे साहेब आहेत ते. खाली कामाला माणसं आहेत."